बर्व्यांचा घास

चातुर्मासात मी एकभुक्त असते. दुपारी एकदाच जेवायचं, आणि त्याआधी एक घास मुक्या जिवाला घालायचा. लग्न होऊन सांगलीला आले त्या वर्षी सासूबाईंनी हा नेम दिला. म्हणाल्या, "फार मोठं काही धरू नकोस. झेपेल तेवढंच धर, पण धरलेलं सोडू नकोस." सांगलीत ते अवघड नव्हतं. हातात घास घेऊन दारात उभं राहिलं की कुणी ना कुणी यायचंच. गाय, नाहीतर गल्लीतलं कुत्रं, अगदीच कुणी नाही तर गच्चीवरचे कावळे.

हे गेल्यावर माझ्या मुलाने, पुष्करने, सहा महिन्यांच्या व्हिसावर मला इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आणलं, आणि चातुर्मास लागला त्या पहिल्याच आठवड्यात मी अडले. दार उघडलं की समोर एकसारखी घरं, एकसारख्या गाड्या. त्या गाड्याही आठच्या आत निघून जायच्या. पक्ष्यांसाठी कुंपणावर भात ठेवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी दार वाजवलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, की भाताने उंदीर येतात. मी सॉरी म्हटलं.

मग उरले बर्वे.

बर्वे म्हणजे पुष्कर आणि कस्तुरीचा कुत्रा. खरं नाव बार्नी. अंगाने काळा, छाती पांढरी, एक कान उभा आणि एक पडलेला. कुणीतरी सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या आश्रमातून आणलेला, नऊ वर्षांचा. तो समोर बसून इतक्या गंभीरपणे बघायचा, की मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बर्वे सरांची आठवण व्हायची. मी त्याला अहो-जाहोच करायला लागले. "बर्वे, बाजूला व्हा, पुसून घेते." कस्तुरी, म्हणजे माझी सून, पुण्याला तिच्या आईला फोनवर सांगायची, "अगं, आमच्या बार्नीला आईंनी चक्क कोकणस्थ करून टाकलाय!"

लग्नाला सात वर्षं झाली होती त्यांच्या. सांगलीच्या बायका मला जे विचारायच्या, ते मी त्या दोघांना कधी विचारलं नाही. बर्व्यांचं अंथरूण त्यांच्या खोलीत होतं, बर्व्यांच्या वाढदिवसाचा फोटो जिन्यात होता. मला समजलं होतं.

दोघंही साडेसातला बाहेर पडायचे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात मी आणि बर्वे. मी पूजा करायची, पोथीचा अध्याय वाचायची, ते उंबऱ्याबाहेर पाय लांब करून पडायचे. सोवळ्यात कुत्रं चालत नाही हे मला माहीत आहे. पण दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, हेही मी जन्मभर बघत आले आहे. नरसोबाच्या वाडीला कुणी त्यांना हाकलत नाही. बारा वाजता मी पोळीचा नखाएवढा तुकडा तूप लावून त्यांच्यापुढे धरायची. ते तो ओठांनी अलगद उचलायचे, दात लागू द्यायचे नाहीत. मग मी माझं पान वाढून घ्यायची.

पुष्करने मला आल्याआल्याच सांगितलं होतं, "आई, याला आपलं काही द्यायचं नाही हं. त्याचं पोट सेन्सिटिव्ह आहे. फक्त त्याचं ड्राय फूड."

फ्रिजवर इंग्रजी यादीही लावलेली होती. चॉकलेट, कांदा, लसूण असं एकाखाली एक लिहिलं होतं. खालच्या ओळी चुंबकाने लावलेल्या एका फोटोखाली झाकल्या गेल्या होत्या, त्या मी काही बघितल्या नाहीत. कांदा-लसूण तर मी चातुर्मासात शिजवतच नाही. जे देवाला चालतं ते बर्व्यांना का बाधेल, असं मला वाटलं.

एकदा पुष्करने विचारलंही. "आई, तू देत नाहीस ना त्याला काही? हल्ली बारा वाजले की किचनकडे बघत बसतो म्हणे. कस्तुरीने सॅटरडेला नोटिस केलं."

"अरे, त्यांना त्यांच्या डब्यातलं मिळतं की," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण उत्तरही नव्हतं.

ऑगस्टमध्ये दोघांनी चार दिवसांची रजा काढली. कॅम्पिंगला जायचं, नॅशनल पार्कमध्ये, तंबू ठोकून, बर्व्यांना घेऊन. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या. मी राहीन घरी."

"एकटी काय करशील?" पुष्कर म्हणाला.

मीही बॅग भरायला घेतली. रोज काय करते ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

पार्क म्हटल्यावर मला वाटलं होतं बाकं असतील, फुलांचे ताटवे असतील. तिथे तर डोंगरच डोंगर होते. दगड नुसते एकावर एक रचून केलेल्या भिंती, त्या थेट डोंगराच्या माथ्यापर्यंत चढत गेलेल्या, आणि मेंढ्या. खाली ओढ्याकाठी एका शेतकऱ्याच्या कुरणात तंबू लावायची सोय होती. मोबाईलला रेंज नव्हती. बहुतेक तंबूंपुढे एकेक कुत्रं बांधलेलं, आणि माणसं आधी कुत्र्याशी बोलत, मग माणसाशी. "हॅलो यू!" म्हणून बर्व्यांच्या कानामागे खाजवायचे, आणि मग वर बघून मला म्हणायचे, "लव्हली डे."

बुधवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. अंधार पडायच्या आत तिघं ओढ्यापर्यंत फिरून आले, तर बर्वे लंगडत होते. पंजाला दगड लागला होता. कस्तुरीने तिथेच मांडी घालून त्यांचा पाय मांडीवर घेतला, धुतला, औषध लावून पट्टी बांधली. सगळा वेळ त्यांच्याशी पुटपुटत होती. मी कंदील धरून उभी होते. पट्टी झाल्यावर तिने त्यांच्या कपाळावर ओठ टेकले, आणि मी आहे हे लक्षात आल्यावर जराशी लाजली.

सकाळी ती म्हणाली, "आई, आज याला वर नाही नेता येणार. तुम्ही बसाल ना त्याच्यापाशी? आम्ही वर जाऊन दोनपर्यंत येतो."

"बर्वे आणि तू तंबू सांभाळा," पुष्कर बूट बांधता बांधता म्हणाला. "चोर आला तर बर्व्यांना पाढे म्हणायला लाव. पळून जाईल."

"सत्ताविसाचा," मी म्हटलं, आणि तिघंही हसलो. मग ते दोघं भिंतीच्या कडेकडेने वर गेले. तिचं लाल जाकीट बराच वेळ दिसत होतं. नंतर तेही दिसेना.

गुरुवार होता. आंघोळ करून मी घडीच्या टेबलावर दत्ताचा छोटा फोटो मांडला. ओढ्याकाठची दोन पिवळी फुलं वाहिली. नैवेद्याला शिरा करायचा होता. रवा घरूनच भाजून आणला होता. तूप, साखर, वेलदोडा आणि बेदाणे. बेदाणे तासगावचे, नणंदेने बॅगेत कोंबून दिलेले. ते एकेक करून पुरवून वापरत होते मी. त्या दिवशी मात्र पुडीच उपडी केली. वाऱ्याने ती गॅसची चूल सारखी विझत होती, म्हणून मी पाठ आड करून बसले. तुपात बेदाणे फुगले, आणि त्या परक्या कुरणात आमच्या स्वयंपाकघराचा वास सुटला.

नैवेद्य दाखवला. आरती मनातल्या मनात म्हटली, कारण शेजारच्या तंबूतलं बाळ झोपलं होतं. मग घास घेऊन बर्व्यांपुढे गेले.

नखाएवढाच द्यायचा होता. पण हे असते तर, हा विचार मनात आला. यांना शिरा फार आवडायचा. गुरुवारी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आत विचारायचे, "झाला का?" गेल्या वर्षभरात गोडाचं काही केलं, की ते कुणी मागून घेतलंय असं झालंच नव्हतं. पुष्कर वजनाला जपतो. कस्तुरी चमच्याच्या टोकावर घेते आणि "मस्त झालाय हं आई" म्हणते. बर्वे मात्र शेपटीने गवत झाडत होते.

"झाला का, असं विचारताय होय?" मी म्हटलं. "झाला. घ्या."

त्यांनी घास घेतला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी आणखी घातला. मग वाटीभर काढून पुढे ठेवला. ती त्यांनी चाटून स्वच्छ केली. मी पुन्हा भरली. मी त्यांच्याशी काय काय बोलले ते आता आठवत नाही. सांगलीबद्दल बोलले असेन. परत जायला दोनच महिने उरलेत आणि तिकडे कुलूपबंद घर आहे, तेही बोलले असेन. त्यांनी हनुवटी माझ्या पायावर टेकली होती. चार महिन्यांत इतका वेळ मला कुणाचा स्पर्श झाला नव्हता.

"काय छान वास येतोय!"

मी दचकून वर बघितलं. पलीकडच्या लहानशा कॅरव्हॅनमधल्या बाई होत्या. माझ्याच वयाच्या, पायात रबरी बूट, बरोबर दोन बुटकी पांढरी कुत्री. मॉरीन नाव म्हणाल्या. मी प्रसाद म्हणून त्यांच्या तळहातावर शिरा घातला. त्यांनी तो उभ्या उभ्याच खाल्ला आणि डोळे मिटले.

"लव्हली! आणि यात हे सुलताना आहेत ना? सुकवलेली द्राक्षं?"

"येस. फ्रॉम माय प्लेस," मी म्हटलं. मला अभिमान वाटला.

त्यांनी खाली बर्व्यांकडे बघितलं. "याला नाही ना दिलंस, लव्ह?"

तोंडात वाक्य तयारच होतं. "ही हॅज हिज ओन फूड."

"मग ठीक. कुत्र्यांना विषच ते. किडन्याच जातात. माझ्या बहिणीचा गेला तसा, ख्रिसमस केकने." एवढं बोलून त्यांनी हात झटकला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि त्या निघाल्या.

बर्वे पंजावर डोकं ठेवून पडले होते. चांगले होते अगदी. मिशीला रव्याचा एक कण लागलेला.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. मला वाटलं, काही होणार नाही. वाडीची कुत्री पेढे खातात, बासुंदी चाटतात, वर्षानुवर्षं जगतात. आणि वाटलं, दोन वाजता ती दोघं येतील, वाटी मी घासून ठेवलेली असेल, कुणाला कळायचं कारण नाही. बर्व्यांना सांगता येत नाही. मी ती वाटी उचलली, खरंच उचलली, आणि पाण्याच्या कॅनकडे दोन पावलं गेले.

मग मला कस्तुरीने काल टेकवलेले ओठ आठवले.

मॉरीनबाई तोवर फाटकापर्यंत पोचल्या होत्या. मी आयुष्यात कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नाही. ह्यांनासुद्धा नाही. त्या दिवशी त्या कुरणातली सगळी माणसं वळून बघतील एवढी ओरडले.

"मॉरीन! आय गेव्ह! आय गेव्ह मच!"

त्या धावत आल्या. कधी, किती, एवढंच त्यांनी विचारलं. मी वाटी दाखवली आणि दोन बोटं वर केली. आधी नाही का म्हणालीस, असं त्यांनी विचारलं नाही. कॅरव्हॅनमधून गाडीची किल्ली आणली, आपली दोन कुत्री पुढे बसवली, आणि मला म्हणाल्या, "मागे बस त्याच्याजवळ."

पुष्करला कळवायला फोन लागत नव्हता. पोथीत खुणेला ठेवलेला कागद काढून मी त्यावर लिहिलं: 'बर्व्यांनी बेदाणे खाल्ले. मी दिले. डॉक्टरकडे नेत आहे.' शेतकऱ्याच्या बायकोला विचारून मॉरीनबाईंनी खाली डॉक्टरांचा पत्ता लिहिला. मी तो कागद दत्ताच्या फोटोखाली दाबून ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. फोटो तिथेच राहिला. जप मनात चालू होता, पण मागणं काही सुचत नव्हतं. वळणावळणाच्या रस्त्यावर बर्व्यांना मी दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ते मजेत खिडकीबाहेर मेंढ्या बघत होते.

डॉक्टर म्हणजे कस्तुरीच्या वयाची मुलगी होती. तिने इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत बर्व्यांना उलट्या सुरू झाल्या. मला बाहेर थांब म्हणाले होते, मी थांबले नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये माझा शिरा पडला होता, तुपाळ, आणि त्यात टप्पोरे फुगलेले बेदाणे, एकही चावलेला नाही. त्यांना दात लावायची सवयच नव्हती माझ्या हातच्याला.

"लवकर आणलंत," ती मुलगी म्हणाली. "पण दोन दिवस सलाईनवर ठेवू. किडन्या बघाव्या लागतील."

पुष्कर आणि कस्तुरी तीनच्या सुमाराला आले. चिखलाचे बूट तसेच. कस्तुरी थेट आत गेली. पुष्कर माझ्यासमोर उभा राहिला.

"आई, मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंस. मी उत्तर दिलं नव्हतं."

"म्हणजे रोज?"

"रोज. नखाएवढा. तेही आजपर्यंत पोळीचाच. नेम आहे माझा." आणि मग मी उरलेलंही सांगितलं. त्या बाईंनी विचारल्यावर मी आधी टाळलं, वाटी धुवायला निघाले होते, सगळं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खिडकीशी गेला, परत आला आणि म्हणाला, "इट्स ओके, आई. तुला माहीत नव्हतं." परक्याशी बोलतात तसा आवाज होता त्याचा. ऑफिसच्या फोनवर असतो तसा.

कस्तुरी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "आई, तो आमचा..." एवढंच म्हणाली आणि गाडीकडे गेली. तिने वाक्य पुरं केलं नाही. मी मनात पुरं केलं.

शनिवारी बर्वे घरी आले. पायाचे केस सुईपुरते कापलेले, थोडे वाळलेले, पण किडन्या शाबूत. मी जवळ गेले नाही. तेच आले आणि माझ्या हाताचा वास घेऊन गेले.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त सोमवारपासून सकाळी साडेसातला बर्वेही गाडीत बसायला लागले. कुत्र्यांचं पाळणाघर असतं इथे, कस्तुरीच्या ऑफिसच्या वाटेवर. "त्याला कंपनी मिळेल तिथे," पुष्कर म्हणाला. मी म्हटलं, "बरंच आहे की."

साडेसातला गाडी जायची. मी पूजा करायची, अध्याय वाचायची. उंबऱ्याबाहेर कुणी नसायचं. बारा वाजायचे. पोळीचा तुकडा हातात घेऊन मी मागचं दार उघडायची. कुंपण, आकाश, कुणाच्या तरी घरातलं कपडे धुवायचं मशीन. तुकडा परत डब्यात ठेवायची. बर्वे साडेपाचला यायचे. त्यांच्या डब्यातला एक सुका दाणा मी कस्तुरीसमोरच मागून घ्यायची, "एक देऊ का गं?" म्हणून, आणि त्यांच्यापुढे धरायची. मग सहाला माझं पान. उपासाची मला सवय आहे. त्याचं काही नाही.

शनिवार-रविवार सोडले तर असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी कस्तुरीला बरं नव्हतं म्हणून ती दोनला घरी आली, एकटीच. मी स्वयंपाकघरात बसले होते. झाकलेलं ताट समोर होतं.

"आई, जेवला नाहीत अजून?"

"जेवेन."

"बरं वाटत नाहीये का?"

'बरी आहे' म्हणता आलं असतं. तेही खोटं नव्हतं. पण तसली वाक्यं मी आता बोलत नव्हते. "बर्वे आल्यावर जेवते," मी म्हटलं. "घास आधी त्यांचा. मग माझा."

ती बघतच राहिली. "रोज? सहापर्यंत? काहीच न खाता?"

"चातुर्मासापुरतंच गं."

"मला वाटायचं तुम्ही त्याचे लाड करायला तो दाणा मागता."

ती खुर्ची ओढून बसली. जाकीट अंगातच होतं. तिने माझं झाकलेलं ताट जरा सरळ केलं, मग उठली आणि वर जाऊन झोपली. पुष्करला तिने सांगितलं की नाही मला माहीत नाही. त्याने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं नेहमीसारखे निघाले. गाडीचं दार वाजलं, आणि पुन्हा घराचं दार उघडलं. कस्तुरी बर्व्यांना घेऊन आत आली. तिच्या मुठीत एक दाणा होता. तो तिने माझ्या हातावर ठेवला.

"आत्ताच द्या," ती म्हणाली. "मग दुपारी जेवा वेळेवर. चालेल ना असं?"

सासूबाई काय म्हणाल्या असत्या, मी क्षणभर आठवून पाहिलं. आधी घास, मग आपण, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मध्ये किती वेळ जावा ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

"चालेल," मी म्हटलं.

मी खाली बसले. बर्व्यांनी दाणा ओठांनी उचलला, दात न लावता, आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "एवढाच."

"उशीर होतोय, बार्नी, कम ऑन," कस्तुरी म्हणाली, आणि दार लागलं.

बारा वाजता मी पान वाढून घेतलं. वरण-भात, पोळी, दुधीची भाजी. मागचं दार उघडं ठेवलं होतं, तेही मिटून घेतलं. आता कुणाची वाट बघायची नव्हती. उंबऱ्याबाहेर, बर्वे पडायचे तिथे, ऊन आलं होतं. मी हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली.